बंद पडलेल्या प्रकाशकाकडून नाटकाची परवानगी कशी काढायची?

सुरसागरकाठी | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा मदत हवी आहे.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतायत. नव्या पोरांचं म्हणणं, गरबा ठेवा. जुन्यांचं म्हणणं, नाटक झालंच पाहिजे. शेवटी ठरलं की दोन्ही. नाटकाची जबाबदारी अर्थात माझ्या गळ्यात.

माळ्यावर वडिलांची ट्रंक होती. तिच्यात एक तीन अंकी विनोदी नाटक मिळालं. चार पुरुष, दोन स्त्रिया, एकच दिवाणखाना, म्हणजे आमच्या ऐपतीतलं. पुस्तकाची कव्हरं गेलीत. किंमत दोन रुपये. समासात पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलंय, 'इथे दार वाजते, बापू विसरतो'. हे बापू कोण ते आता आई पण सांगू शकत नाही. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या पानावर कपबशीचा गोल डाग आहे, आणि आतल्या पानावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का: 'प्रयोगापूर्वी प्रकाशकांची लेखी परवानगी आवश्यक. प्रत्येक प्रयोगास मानधन आगाऊ.'

अडचण अशी की प्रकाशक आपल्याच गावचे होते आणि दुकान बंद होऊन जमाना झाला. आजोबा, मुलगे, नातू असा घरचा धंदा होता म्हणे. पुस्तकावरचा फोन नंबर चार आकडी आहे. लेखक फारसे प्रसिद्ध नाहीत. त्यांचं आणि प्रकाशकांचं नाव इथे मुद्दाम देत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय चव्हाट्यावर नको.

तर प्रश्न: परवानगी मागायची कोणाकडे?

---

खडूसकाका | रात्री ९:५२

शिक्का मारणारा गेला, शिक्का गेला, शाई पण वाळली. करून टाका. कोण येतंय विचारायला?

---

विंगेतला | रात्री १०:१५

काका, असं म्हणू नका. येतात विचारायला.

बरीच वर्षं झाली. आम्ही एक जुनं दोन अंकी नाटक केलं होतं. पत्रिकेवर दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, चहापान, सगळ्यांची नावं. लेखकाच्या जागी 'एक जुने नाटक'. मध्यंतरात एक गृहस्थ विंगेत आले. पांढरा शर्ट, हातात छत्री. मला वाटलं कुणाचे तरी सासरे. म्हणाले, "प्रयोग छान चाललाय. फक्त माझ्या वडिलांचं नाव दिसलं नाही कुठे." बाकी काही बोलले नाहीत, दुसरा अंक बघायला परत खुर्चीत जाऊन बसले.

तो दुसरा अंक आम्ही कसा केला ते आम्हालाच माहीत. भांडले असते तर परवडलं असतं.

---

अर्धा_वकील | रात्री १०:४१

कायद्याचं थोडं सांगतो. (पूर्ण वकील नाही, तिसऱ्या वर्षी सोडलं. हलकेच घ्या.)

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. आधी ५० होती, १९९२ साली ६० झाली. म्हणून गडकऱ्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली, ते १९१९ साली गेले. अत्रे १९६९ला गेले, त्यांचा हक्क २०२९च्या अखेरीपर्यंत. शिरवाडकर १९९९, म्हणजे २०५९ची अखेर. मोजायचं लेखकाच्या मृत्यूपासून. पुस्तक कधी छापलं आणि प्रकाशक कधी बंद झाला याचा हयातीत छापलेल्या पुस्तकाशी काही संबंध नाही.

दुसरं. हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर कलम ५२ मध्ये सूट आहे. बऱ्याच गणेशोत्सवी नाटकांना हीच छत्री. तुमचं तिकीट आहे का?

---

सुरसागरकाठी | रात्री १०:५०

तिकीट नाही, पण 'देणगी प्रवेशिका' आहेत.

---

अर्धा_वकील | रात्री १०:५३

मग ते तिकीटच. नाव बदललं म्हणून जावई परका होत नाही.

---

पुस्तककिडा | बुधवार, सकाळी ७:०५

छान धागा. चहा घेता घेता लिहितोय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

मराठीत नाटक आधी उभं राहिलं आणि छापलं फार नंतर. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं १८४३ साली. ते काही पुस्तक वाचून बसवलेलं नव्हतं, सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी बोलायची. छापलेलं पहिलं स्वतंत्र नाटक म्हणून विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या 'थोरले माधवराव पेशवे'चं नाव घेतात, ते १८६१चं. त्याआधी १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं होतं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे, म्हणजे पुस्तकांना सरकारी बक्षिसं देणाऱ्या समितीकडे, दिलं होतं. कमिटीनं ते नाकारलं. छापून यायला त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली. छापणारा मिळाला नाही की नाटकाचं काय होतं याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात मोठं उदाहरण.

नाटक कंपन्यांच्या काळात पुस्तक हा जोडधंदा होता. लोक नाटकाला यायचे ते गाण्यांसाठी. त्यामुळे थिएटरच्या दारात विकली जायची ती पदांची पातळ पुस्तिका. नटांना तर पूर्ण नाटक हातात मिळायचंच नाही, मिळायची 'नक्कल': आपली वाक्यं आणि समोरच्याच्या वाक्याचं शेपूट. नक्कल पाठ करायची आणि उभं राहायचं. यात काटकसर होती, आणि दुसऱ्या कंपनीनं नाटक पळवू नये म्हणून बंदोबस्तही.

नाटकाच्या पुस्तकांचा खरा धंदा नंतरचा, हौशी मंडळांच्या जिवावर उभा राहिलेला. १९५४ साली राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या मंडळांना दरवर्षी नवं नाटक लागायला लागलं. घरच्याच माणसांनी चालवलेली प्रकाशनं मराठीत पुष्कळ. गणेश रामराव भटकळांनी १९२४ साली पॉप्युलर बुक डेपो काढला, पुढे सदानंद आणि रामदास या मुलांनी पॉप्युलर प्रकाशन वाढवलं. कानेटकरांची नाटकं त्यांची, 'नटसम्राट'ही त्यांचंच. अत्र्यांची पुस्तकं परचुऱ्यांकडे, 'घाशीराम' पुण्याच्या नीलकंठकडे. पण ही मोठी नावं. त्यांच्या खाली गावोगाव एकेका घराचे छोटे प्रकाशक होते, त्यांची नोंद फारशी कुठे सापडत नाही. सुरसागरकाठींचे प्रकाशक त्यातलेच दिसतायत.

---

नर्मदाकाठची | सकाळी ९:२०

'पुरुषपात्रविरहित' आणि 'स्त्रीपात्रविरहित' हे शब्द आठवले का कोणाला? दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "स्त्रीपात्रविरहित दाखवा." मला लहानपणी वाटायचं हा नाटकाचा काहीतरी आजार आहे.

---

खडूसकाका | सकाळी ९:३१

आजारच. नवापुऱ्यात आमच्या वेळी एकही मुलगी काम करायला तयार नसायची. मी स्वतः दोन वर्षं शालू नेसलोय. फोटो मागू नयेत.

---

नर्मदाकाठची | सकाळी ९:३३

काका, फोटो!!

---

विंगेतला | सकाळी ९:३४

फोटो +१

---

थेम्सवाली_मावशी | दुपारी १:१०

इथे लंडनला लेक नाट्यशाळेत होती तेव्हा तिच्याबरोबर मी फिट्झरॉय स्ट्रीटवरच्या सॅम्युअल फ्रेंचच्या दुकानात जायची. नुसती नाटकांची पुस्तकं. आणि पुस्तकं लावायची पद्धत काय, तर पात्रसंख्येप्रमाणे याद्या! इतके पुरुष, इतक्या बायका. म्हणजे नर्मदाकाठचीचा आजार जागतिक आहे.

ही कंपनी अमेरिकेतली. स्थापना १८३० सांगतात. सॅम्युअल फ्रेंचचा जन्म १८२१चा. म्हणजे नवव्या वर्षी धंदा टाकला! कुठल्यातरी जुन्या दुकानाचं वर्ष आपल्या पाटीवर घेतलं असावं, असं आपलं माझं मत. आपल्याकडचे हलवाई पण तेच करतात. लंडनला थॉमस हेल्स लेसी नावाचा एक नट होता, त्यानं नटगिरी सोडून स्ट्रँडवर नाटकांच्या पुस्तकांचं दुकान मांडलं आणि जवळपास दीड हजार नाटकं छापली. १८७२ साली फ्रेंचनं ते दुकान विकत घेतलं, स्वतः लंडनला येऊन बसला आणि न्यूयॉर्कचं दुकान मुलाच्या, थॉमस हेन्रीच्या हवाली केलं. बाप एका किनाऱ्याला, लेक दुसऱ्या.

त्यांची गंमत पुस्तकात होती. साध्या कागदी वेष्टनाचं स्वस्त पुस्तक, पण शेवटी रंगमंचाचा नकाशा, सामानाची यादी, दिवे कधी वाढवायचे कधी उतरवायचे, सगळं. ते वाचून गावातला शाळामास्तरसुद्धा नाटक बसवू शकेल. आणि पुस्तकावर छापलेलं: प्रयोग करायचा तर आमच्याकडे पैसे भरा. इंग्लंडात नाटककाराला प्रयोगाचा हक्क १८३३च्या कायद्यानं मिळाला होता, अमेरिकेत १८५६ला. त्या हक्काची वसुली गावोगावच्या हौशी मंडळांकडून करायची कोणी? नाटककार काय दारोदार फिरणार होता? ते काम यांनी घेतलं. धंदा पुस्तकाचा कमी आणि परवानग्यांचा जास्त.

ते फिट्झरॉय स्ट्रीटचं दुकान २०१७ साली भाडं परवडेना म्हणून बंद झालं. लेक रडली होती. पुढच्या वर्षी रॉयल कोर्ट थिएटरात छोटं दुकान उघडलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी काँकॉर्ड नावाच्या दुसऱ्या कंपनीनं फ्रेंच कंपनी विकत घेतली. फ्रेंचचं घराणं त्यातून फार पूर्वीच बाजूला झालेलं. नाव तेवढं राहिलं.

---

हौशी_नाटककार | दुपारी ३:४५

मावशी, तिकडचं छान आहे हो. इथलं ऐका. माझी दोन नाटकं एका प्रकाशकानं काढली. करारबिरार काही नाही, "आपण घरचेच." हातात पंचवीस प्रती ठेवल्या, तेच मानधन. पुढे किती छापल्या, किती विकल्या, कोणी किती प्रयोग केले, काही पत्ता नाही. एकदा एका गावी लग्नाला गेलो तर चौकात माझ्याच नाटकाचा फलक! प्रकाशक म्हणजे लेखकाच्या ताटातली पोळी उचलणारी जमात.

---

फडताळ | दुपारी ४:३०

आठ वर्षं इथे नुसती वाचतेय. हा पहिलाच प्रतिसाद. ताटातल्या पोळीवरून राहवलं नाही.

माझ्या आजोबांचा रावपुऱ्यात छापखाना होता आणि ते नाटकाची पुस्तकं काढायचे. सुरसागरकाठी, तुमचा तो शिक्का जांभळ्या शाईचा आणि 'आगाऊ'मधला 'ऊ' अर्धवट उठलेला आहे का? असेल तर तो आमच्या घरचा. तो शिक्का माझ्या काकानं पडवीतून खाली टाकला होता, तेव्हापासून तो 'ऊ' लंगडा.

आजोबा मूळचे छापखान्यातले नव्हेत. एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. बोलपट आले, कंपन्या एकामागून एक मोडल्या, त्यांचीही मोडली. शेवटचे पगार थकले होते. मालकांनी पगाराऐवजी एक पेटी दिली, पेटीत नकला. ती घेऊन आजोबा बडोद्याला सासुरवाडीला आले. सासऱ्यांनी जागा दिली, आजीच्या पाटल्या मोडून पायानं चालवायचं ट्रेडल मशीन घेतलं. पोट भरायचं ते लग्नपत्रिका आणि दुकानदारांच्या पावतीपुस्तकांवर. दिवाळी ते जून पत्रिका, आणि पावसाळ्यात हात रिकामे झाले की नाटक जुळवायला घ्यायचं, म्हणजे गणपतीच्या आत बाजारात. खिळे (जुळवायची शिशाची अक्षरं) मोजके होते. एक फर्मा जुळवायचा, सोळा पानं छापायची, खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे, मग पुढचा फर्मा. म्हणून आमच्या पुस्तकांत शेवटच्या अंकात 'ळ' कमी पडतो आणि तिथे 'ल' दिसतो. शोधा, सापडेल.

नाटक निवडायची आजी. शाळा चौथीपर्यंत. दुपारी स्वयंपाकघरात घड्याळ समोर ठेवून ती अख्खा अंक मोठ्यानं वाचायची, सगळ्या पात्रांच्या आवाजात. पाऊण तासाच्या वर गेला की म्हणायची, "ह्यांना सांगा, लोकांना शेवटची गाडी असते." आणि आजोबा खरोखर लेखकाला तसं पत्र लिहायचे.

आता पोळीबद्दल. हौशी_नाटककार, तुम्हाला वाईट अनुभव आला तो खोटा नाही. आमच्याकडेही सगळे देव नव्हते, त्याचं पुढे सांगते. पण हिशेब ऐका. एक आवृत्ती हजाराची. ती कशी खपायची? नाटकाचं पुस्तक वाचायला कोणी घेत नाही. ते संचानं खपतं. सहा पात्रं, एक दिग्दर्शक, एक प्रॉम्प्टर, म्हणजे एका मंडळाला आठ प्रती. आजोबा नाटक निवडताना पात्रं मोजायचे त्याचं हेही कारण. चार पात्रांचं उत्तम नाटक त्यांना नको असायचं, आठ पात्रांचं बरं चालायचं! मग कोपऱ्याकोपऱ्यावर झेरॉक्स आलं. मंडळं एक प्रत घ्यायला लागली. हजाराची आवृत्ती तीच, पण खपायला वर्षाऐवजी आठ वर्षं. कागद वाळवी खायची. टीव्हीनं नाटक मारलं असं सगळे म्हणतात. आमचं घर झेरॉक्सनं बसलं.

---

पुस्तककिडा | दुपारी ४:५८

फडताळ, आठ वर्षं कुठे होतात?

---

खडूसकाका | सायंकाळी ५:०२

फडताळात.

---

नर्मदाकाठची | सायंकाळी ५:०५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण ताई, लिहा पुढे. 'सगळे देव नव्हते' ते काय?

---

गुजुमराठी | सायंकाळी ६:२०

अवांतर करतो. बडोद्याचा आणि नाटकांचा विषय निघालाय तर 'एकच प्याला' राहून कसं चालेल? पहिला प्रयोग आपल्या गावात झाला, २० फेब्रुवारी १९१९, गंधर्व नाटक मंडळी. गडकरी महिन्याभरापूर्वी, २३ जानेवारीला सावनेरला गेले होते. गंधर्व मंडळींना सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. हे मुंबई-पुण्याच्या लोकांना सांगितलं तर "हो का?" म्हणतात. अरे, हो का काय?

---

पुस्तककिडा | सायंकाळी ६:४४

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. 'एकच प्याला'तली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. आता विचार करा, पुस्तक एक, संवाद एकाचे, पदं दुसऱ्याची, चाली आणखी कोणाच्या, आणि प्रयोग कंपनीचा. हक्क कोणाचा? आजच्या वकिलांनी यावर बंगले बांधले असते.

---

अर्धा_वकील | सायंकाळी ६:४७

पूर्ण वकिलांनी. आम्ही ओटा.

---

गुजुमराठी | सायंकाळी ६:५५

आणि ज्यांना जुनी नाटकं शोधायची आहेत त्यांनी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत एकदा जावं. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या माणसाला बोलावून ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. लहानपणी मला त्या काचेवर पाय ठेवायची भीती वाटायची. अजून वाटते, वजन वाढलंय. येताना सेव उसळ खाऊन येणे, हे सांगायला नकोच.

---

खडूसकाका | सायंकाळी ७:०१

लायब्ररीत सेव उसळीचे हात लावू नयेत म्हणून आधी लायब्ररी, मग उसळ. क्रम चुकवू नका.

---

फडताळ | रात्री ९:१५

पुढचं.

आजोबांच्या मागे दोन मुलगे, माझे वडील आणि काका. दोघांनी पंधराएक वर्षं एकत्र चालवलं आणि मग बोलणं बंद झालं. कारण विचाराल तर आजही दोन घरांत दोन कारणं सांगतात. वाटण्या झाल्या. एकाला जागा, एकाला मशीन. खिळे वजनावर वाटले, आणि नंतर दोन्हीकडचे खिळे शिशाच्या भावानं भंगारात गेले. पुस्तकांचे गठ्ठे मोजून अर्धे अर्धे केले. तीन अंकी एकाकडे आणि एकांकिका दुसऱ्याकडे असं सुद्धा नाही, प्रत्येक नाटकाचे गठ्ठे दोन्हीकडे. मग दोन्ही भाऊ तेच पुस्तक एकमेकांपेक्षा स्वस्त विकायला लागले. आजी पडवीत बसून बघायची.

आणि या सगळ्या वाटणीपत्रात 'प्रयोगाचे हक्क' हा शब्दच नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही की ती काही वस्तू आहे. परवानग्या आजी बघायची. तिच्याकडे एक लांबट वही होती, लाल कापडाची. पोस्टकार्ड आलं की नोंद, मनिऑर्डर आली की नोंद. ती गेल्यावर वही कोणी मागितली नाही म्हणून माझ्याकडे आली.

त्या काळात काय झालं असेल तुम्हीच समजा. मंडळ एका भावाकडून परवानगी घ्यायचं, दुसरा भाऊ म्हणायचा मला विचारलं नाही. काहींनी दोघांना पैसे दिले, बहुतेकांनी कोणालाच नाही. आणि लेखकाला? हौशी_नाटककार, लेखकांना त्या वर्षांत काही गेलं नसणार. तुमचं म्हणणं इथे खरं आहे. आजीच्या हातची शेवटची नोंद जिथे संपते तिथे लेखकांचे पैसेही संपतात.

---

हौशी_नाटककार | रात्री ९:४०

ताई, पोळीचा शब्द मागे घेतो. निदान अर्धी.

---

अर्धा_वकील | रात्री १०:०५

फडताळ, एक विचारतो. वहीत प्रत्येक प्रयोगाचे पैसे कोणाला किती गेले असं लिहिलंय का? कारण त्यावरच सुरसागरकाठींच्या प्रश्नाचं उत्तर आहे. लेखकानं हक्क लेखी विकले असतील तर ते तुमच्या घराचे, आणि वाटणीपत्रात नाहीत म्हणजे सगळ्या वारसांचे सामाईक. पण आजी लेखकाला वाटा पाठवत असेल, तर प्रकाशक फक्त मधला माणूस, मावशींच्या त्या फ्रेंचसारखा. मग हक्क लेखकाच्या वारसांचे.

वारस सापडलेच नाहीत तर कलम ३१कखाली परवान्यासाठी अर्ज करता येतो, आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. पण एका रात्रीच्या नाटकासाठी तो द्राविडी प्राणायाम करू नका, आधी माणूस शोधा.

---

फडताळ | गुरुवार, सकाळी ११:५०

वही काढली. पहिली वीस पानं वाळवीनं जाळी केलीयत. सुरसागरकाठी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नाटकाचं नाव कळवा.

---

फडताळ | गुरुवार, दुपारी २:३०

सापडलं. जशी आहे तशी नोंद देते, नावं वगळून:

'प्रयोग १. गणपती. म. ऑ. आली रु. १०. लेखकास पाठविले रु. ८. कार्ड टाकले. पोच आली.'

अशा सात नोंदी. प्रत्येकात दहातले आठ लेखकाला. शेवटच्या नोंदीसमोर आजीनं लिहिलंय, 'पोच आली नाही. पुन्हा कार्ड.' त्यापुढे काही नाही.

लेखकाचा पत्ता शेवटच्या पानावरच्या यादीत आहे, खानदेशातलं एक गाव. सुरसागरकाठी, व्यनि बघा.

---

अर्धा_वकील | दुपारी २:४१

मग प्रश्न मिटला. मधला माणूस. हक्क लेखकाच्या घरी.

---

थेम्सवाली_मावशी | दुपारी ३:१५

दहातले आठ! ताई, आजीचा फोटो असेल तर लावा. खडूसकाकांच्या शालूपेक्षा तो आधी बघायचाय.

---

खडूसकाका | दुपारी ३:१९

माझा शालू का मध्ये येतो प्रत्येक वेळी?

---

सुरसागरकाठी | अकरा दिवसांनी, रात्री १०:२०

उशीर झाला, माफ करा. हकीकत सांगतो.

त्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते परत आलं. मग त्या गावच्या शाळेचा नंबर मिळवून फोन केला. शिपायानं मुख्याध्यापकांना दिला, त्यांनी गावातल्या किराणा दुकानदाराचा नंबर दिला, त्यानं लेखकांच्या पुतण्याचा आणि पुतण्यानं नाशिकला राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा. बाई सत्तरीच्या पुढे आहेत. लेखकांच्या त्या एकट्याच. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी विमा विकतोय.

नाटकाचं नाव घेतल्यावर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बाबांनी लिहिलं होतं खरं. पण घरात एकही प्रत नाही. मी वाचलेलंच नाही." बाबा तालुक्याला कारकून होते आणि घरी नाटकाचा विषय काढत नसत. शेवटच्या नोंदीचं वर्ष सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, त्याच वर्षी ते गेले. म्हणजे आजीच्या कार्डाची पोच का आली नाही ते कळलं.

परवानगी दिली, लगेच पत्र पाठवलं. मानधन किती विचारलं तर म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही ठरवा. पुस्तकाची झेरॉक्स पाठवाल का?"

आता मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो झेरॉक्स पाठवा, मूळ प्रत मंडळाची ठेव आहे. दुसरा म्हणतो मूळ प्रत द्या, आपण झेरॉक्सवर तालमी करू. मी दुसऱ्या बाजूचा, पण अध्यक्ष पहिल्या.

---

फडताळ | रात्री १०:३४

कोणीच झेरॉक्स करू नका. माझ्या काकांच्या मुलाकडे गठ्ठा आहे. बोलणं नव्हतं, पण आज फोन केला. त्या नाटकाच्या अकरा प्रती शिल्लक आहेत, वरची आणि खालची खराब. नऊ चांगल्या. एक नाशिकला, आठ तुम्हाला. सहा पात्रं, दिग्दर्शक, प्रॉम्प्टर. बरोबर आठ.

---

अर्धा_वकील | रात्री १०:४०

किंमत?

---

फडताळ | रात्री १०:४२

पुस्तकावर छापलीय ती. दोन रुपये. आणि मानधन आगाऊ, दहातले आठ नाशिकला.

---

विंगेतला | रात्री १०:५५

पत्रिकेवर लेखकाचं नाव सगळ्यात वर घ्या. आणि बाईंना पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. तालमी कुठे आहेत? प्रॉम्प्टिंगला मी येतो.

---

सुरसागरकाठी | रात्री ११:०२

या. दांडिया बाजार, रोज रात्री नऊ. फक्त एक अडचण आहे. दोन स्त्रियांपैकी आत्याबाईंचं काम करायला कोणी मिळत नाहीये.

---

नर्मदाकाठची | रात्री ११:०३

खडूसकाका?

---

खडूसकाका | रात्री ११:२०

नऊला जमणार नाही. साडेनऊ करा.